काळा धागा, पांढरा धागा आणि भोसरीची धूळ

रमजान आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मशिदीच्या कार्डावर इफ्तार सहा बेचाळीसला आहे आणि मोबाइलवर सहा एकेचाळीसला. खरे कोणते?" विचारणारा बहुधा पहिल्या वर्षाचा मुलगा असतो. पहिली शिफ्ट करून, तोंडात पाण्याचा थेंब न घालता कॉलेजला आलेला. मी सांगते, दोन्ही बरोबर आहेत. कार्ड छापणाऱ्यांनी सावधगिरीचे एक मिनिट जोडलेले असते. मग मी विचारते, बुडता सूर्य तुम्ही शेवटचा कधी पाहिला? यावर वर्गात हशा पिकतो. सूर्य कोण पाहतो, मॅडम? भोंगा वाजतो, अजान होते, खजूर तोंडात जातो.

हसण्यासारखे काहीच नाही, असे मला वाटते. रोजाची दोन्ही टोके मुळात आकाशाच्या रंगाला बांधलेली आहेत. सूरह बकराच्या १८७ व्या आयतीत पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा सांगितली आहे. अदी बिन हातिम या सहाबींनी हे शब्दशः घेतले. त्यांनी उशाशी एक काळी आणि एक पांढरी दोरी ठेवली आणि रात्री उठून दोन्ही वेगळ्या दिसतात का, ते पाहत राहिले. हजरत पैगंबरांनी त्यांना समजावले, की हा धागा म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. ही हदीस ऐकताना लोक हसतात, पण अदींनी निदान पाहिले तरी. आपण उशाशी मोबाइल ठेवतो.

पहाटेच्या आणि सांजेच्या रंगांसाठी आपल्या दोन्ही भाषांत शब्दांची श्रीमंती आहे. उर्दूत आधी सुब्ह-ए-काजिब, म्हणजे खोटी पहाट, आणि मग सुब्ह-ए-सादिक, खरी पहाट. संध्याकाळी शफक. मराठीत झुंजुमुंजु होते, तांबडे फुटते, फटफटते, मग उजाडते. संध्याकाळी तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण. हे शब्द रोज वर पाहणाऱ्या माणसांनी घडवले. फिकहमध्ये तर शफकवरून इमामांत मतभेद झाले. इमाम अबू हनीफांच्या मते पश्चिमेची लाली गेल्यानंतरची पांढुरकी झाक मावळली की इशाची वेळ सुरू होते. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, तसेच इमाम शाफई, लाली गेली की पुरे असे मानतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरीनिमित्त आलेली कोकणी मुस्लिम घरे बहुतेक शाफई, बाकीची बरीचशी हनफी. त्यामुळे एकाच सोसायटीत दोन वेळा ऐकायला मिळतात. फरक फार तर पाव तासाच्या आसपासचा, पण तो मोजायला कुणीतरी लाल आणि पांढऱ्यातला भेद डोळ्यांनी टिपला होता.

हे रंग येतात कुठून? मी भाषा शिकवते, भौतिकशास्त्र नाही. पण आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही विषयांची टेबले शेजारी आहेत. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. हवेचे रेणू अतिशय लहान. ते निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा पाच-सहा पट अधिक विखुरतात. म्हणून दुपारी कुठेही मान वर केली तरी तो विखुरलेला निळा दिसतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी आकाशाच्या या लाजवर्दी रंगाच्या कारणांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. हवेतले धुळीचे आणि बाष्पाचे कण उजळतात आणि पलीकडचा काळोख त्यात मिसळतो, असा त्यांचा तर्क होता. पूर्ण बरोबर नाही, पण उत्तर हवेत शोधायचे हे त्यांना कळले होते. पक्के गणित १८७१ मध्ये इंग्लंडच्या रॅले यांनी मांडले. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, अंदलूसमधल्या इब्न मुआज यांनी पहाट फुटते तेव्हा सूर्य क्षितिजाखाली किती अंश असतो यावरून हवेच्या थराची उंची काढायचा प्रयत्न केला होता. नमाजाच्या वेळेसाठी लागणारा तो १८-१९ अंशांचा आकडा थेट वातावरणाच्या जाडीपर्यंत पोहोचला. आज आपल्याकडची बहुतेक वेळापत्रके फजरसाठी १८ अंशच धरतात. पुण्याच्या अक्षांशावर मार्चमध्ये सूर्याला एक अंश चढायला चार मिनिटांहून थोडे अधिक लागतात, म्हणून सहरी संपल्यापासून सूर्योदयापर्यंत साधारण सव्वा तास मिळतो.

संध्याकाळी गोष्ट उलटी होते. डोक्यावरच्या सूर्याचा उजेड जेवढ्या हवेतून येतो, त्याच्या जवळपास ३८ पट हवेतून क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड येतो. एवढ्या वाटेत निळा कधीच गळून जातो आणि उरतो तो पिवळा, केशरी, तांबडा. हीच हवा उजेडाला वाकवतेही. सूर्याचे बिंब डोंगराला टेकलेले आपण पाहतो, तेव्हा खरे तर ते क्षितिजाखाली गेलेले असते. मगरिबच्या आधीची साधारण अडीच मिनिटे हवेने उचलून धरलेली असतात. वेळापत्रकात हे गणित धरलेले असते. धरलेले नसते ते आपल्या पट्ट्यातल्या हवेचे आजचे रूप.

इथे एक गैरसमज आहे, आणि तो शिकलेल्या माणसांतही आहे. हवा खराब झाली की सूर्यास्त अधिक सुंदर दिसतो, असे लोक छातीठोकपणे सांगतात. देहू रोडच्या पुलावरून किंवा मोशीच्या कुठल्यातरी बाराव्या मजल्यावरून काढलेला नारिंगी सूर्याचा फोटो स्टेटसला लावतात आणि खाली माशाअल्लाह लिहितात. निर्मात्याची स्तुती केव्हाही योग्यच, पण त्या फोटोतले बरेचसे काम आपल्या भट्ट्यांचे, डंपरचे आणि खडी-सिमेंटचे आहे. रंग उधळतात ते हवेचे रेणू. धुळीचे आणि धुराचे कण त्यांच्यापुढे अवाढव्य. अडीच मायक्रॉनचा कण निळ्या प्रकाशाच्या लहरीच्या पाचपट मोठा असतो. असे कण सगळ्याच रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून दिवसा आकाश निळे न राहता दुधाळ होते आणि संध्याकाळी केशरी-गुलाबी पसाऱ्याऐवजी एकच मळकट तांबूस छटा उरते. त्यात वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच निळा शोषतो आणि आणखी तपकिरी झाक चढवतो. खरे झगझगीत रंग पाहायचे तर पावसाने धुतलेल्या हवेत पाहावेत. २०११ ते २०१५ या वर्षांत रमजान पावसाळ्यात आला होता. सर थांबून पश्चिमेला ढग फाटायचे तेव्हा घोरावडेश्वरच्या डोंगरामागे जी शफक फुलायची, तिच्यापुढे आजचे फोटो फिके आहेत.

ज्वालामुखीची गोष्ट वेगळी. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ फुटला आणि पुढच्या महिन्यात मद्रास आणि सिलोनमध्ये लोकांनी हिरवट-निळा सूर्य पाहिला. तिथे अगदी बारीक आणि जवळपास एकाच आकाराचे कण खूप उंचावर पसरले होते. आपली धूळ एवढी शिस्तीची नाही. २३ जानेवारी २०२२ चा रविवार अनेकांना आठवत असेल. पाकिस्तान-गुजरातच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेली धूळ मुंबई-पुण्यावर पसरली, गाड्यांवर पांढरी पूड बसली आणि सूर्य चंद्रासारखा फिकट दिसू लागला. त्या दिवशी सगळ्यांनी वर पाहिले, बातम्या झाल्या. पण चाकण-शिक्रापूर आणि तळेगाव-चाकण रस्त्यांवर फेब्रुवारीच्या कित्येक संध्याकाळी सूर्य डोंगराला टेकायच्या आधीच, चार बोटे वर असताना, विरून जातो. त्याची बातमी होत नाही. जुन्या माणसासारखा कुणी डोळ्यांवर विसंबून रोजा सोडायला बसला, तर तो सूर्यास्ताआधीच सोडेल. म्हणजे आपण आकाश पाहणे सोडले एवढेच नाही, आपले आकाशही आता साक्षीला उभे करण्यासारखे राहिलेले नाही.

ईदच्या चांदबाबत तर दरवर्षी याचा अनुभव येतो. नवा चंद्र पश्चिमेला अगदी खाली, काही अंशांवर, थोडा वेळ असतो. म्हणजे नेमका त्या हवेच्या सर्वांत जाड थरात. निगडीच्या दुर्गा टेकडीवर पोरे उभी राहतात आणि खाली उतरून सांगतात, काही दिसले नाही. मग मुंबईच्या निरोपाची वाट, फोनाफोनी, आणि कुठे कुठे वादही. चंद्र होता की नव्हता यावर आपण तावातावाने बोलतो. मध्ये काय होते, यावर कुणी बोलत नाही.

पहाटेची कथा याहून वाईट. सुब्ह-ए-काजिब ही शंकूसारखी उभी, फिकट उजेडाची पट्टी. जुने लोक तिला लांडग्याच्या शेपटीची उपमा देत. तो उजेड हवेतला नाहीच, ग्रहांमधल्या अवकाशात तरंगणाऱ्या धुळीवर पडलेले ते ऊन असते. त्यानंतर क्षितिजालगत आडवी पसरते ती सुब्ह-ए-सादिक, आणि ती मात्र आपल्याच वातावरणाची. खोट्या पहाटेची धूळ लाखो किलोमीटर दूरची, खऱ्या पहाटेची हवा आपल्या डोक्यावरची. ही खोटी पहाट पिंपरी-चिंचवडमधून दिसणे आता अशक्य आहे. कारखान्यांचे फ्लडलाइट, हायवेचे पांढरे एलईडी, होर्डिंग, आणि हा सगळा उजेड वर फेकून परत आपल्यावर पाडणारी तीच धूळ. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, आळंदीच्या दिशेला आहे. सहरीचा चहा ठेवताना बाहेर पाहिले तर आकाश रात्रभर राखाडीच. पांढरा धागा ओळखायचा कशावरून? काळा धागाच उरलेला नाही.

एकदाच हे आकाश धुतलेले पाहिले, २०२० मध्ये. २५ एप्रिलला पहिला रोजा होता आणि टाळेबंदीला महिना झाला होता. मशिदी बंद, तरावीह घरात. भोसरीची छोटी वर्कशॉप बंद, चाकणचे मोठे कारखाने बंद, नाशिक महामार्गावर ट्रक तुरळक. इफ्तारच्या आधी आम्ही सगळे गच्चीवर जात असू. सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक सुट्या दिसत आणि पूर्वेला मी पहिल्यांदा ती गोष्ट पाहिली जी हदीसमध्ये आजवर फक्त वाचली होती. रोजा सोडण्याची खूण सांगताना हजरत पैगंबरांनी सूर्य बुडण्याबरोबर पूर्वेकडून येणाऱ्या रात्रीचाही उल्लेख केला आहे. मला वाटायचे ही बोलण्याची पद्धत. पण सूर्य पश्चिमेला बुडताच पूर्वेच्या क्षितिजावर निळसर-करड्या रंगाची एक पट्टी वर येते आणि तिच्यावर गुलाबी कड असते. ती पट्टी म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. रात्र खरोखरच पूर्वेकडून येते. आणि त्याच वेळी डोक्यावर जो गडद निळा उरतो, तो बराचसा ओझोनमुळे, हे १९५० च्या दशकात कळले.

पण त्या स्वच्छ आकाशाचे गोडवे गाणे मला जमत नाही. त्याच महिन्यात याच महामार्गावरून माणसे मुले खांद्यावर घेऊन गावाकडे चालत निघाली होती. आमच्या गल्लीतल्या कित्येक घरांत इफ्तारची खजूर शेजाऱ्यांनी दिलेली होती. निळे आकाश हवे तर कारखाने बंद करा, असे म्हणणारे लोक महिनाअखेर पगार घेणारे असतात. या पट्ट्याला हातांना कामही हवे आणि वर आकाशही हवे. दोन्ही एकत्र मिळू शकते, फक्त त्यासाठी कुणाला तरी फिल्टर बसवावा लागतो, चाळण झाकावी लागते, रस्ता ओला ठेवावा लागतो.

कुणाला, हाच खरा वाद. फेब्रुवारी २०२५ मध्ये, रमजान तोंडावर असताना, महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो भंगार गोदामे आणि शेड पाडली. तिथल्या आगी आणि प्रदूषण हे एक कारण सांगितले गेले. ते खोटे नव्हते. तांब्यासाठी वायरचे प्लास्टिक जाळले की निघणारा धूर विषारीच असतो आणि तो सर्वांत आधी त्या शेडमध्ये झोपणाऱ्या मजुराच्या छातीत जातो. आपल्या समाजातले अनेकजण या धंद्यात आहेत. "पोटासाठी करतात" म्हणून त्या धुराकडे डोळेझाक करणे मला मान्य नाही. पण एक वस्ती उठवली म्हणजे हवा सुधारली, हेही मान्य नाही. आरएमसी प्लांटची सिमेंट-पूड, मोशीच्या खाणींची खडी, मोशीच्याच कचरा डेपोला लागलेल्या आगी, चाकणच्या कोंडीत तासभर धूर सोडत उभे असलेले ट्रेलर, ताडपत्री न टाकता धावणारे डंपर आणि उघड्यावर फोडली जाणारी बांधकामे, यांच्यावर तेवढ्याच झटपट बुलडोझर चालल्याचे आठवत नाही. भंगारवाल्याचा धूर दिसतो कारण तो काळा असतो. मोठ्यांची धूळ पांढरी असते आणि आकाशात मिसळून जाते.

रस्त्यावरची धूळ किंवा धूर नकळत घशात गेला तर रोजा तुटत नाही, असे फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. फुप्फुसांना अशी सवलत नाही. आपल्या देशाने सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. या दोन आकड्यांमधल्या हवेत आपली मुले तरावीहनंतर रात्री अकरापर्यंत रस्त्यावर खेळतात.

आणि पुढची वर्षे अधिक कठीण आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. तो आता ऐन हिवाळ्याकडे चालला आहे. २०३० मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. दिवस लहान, तहान कमी, म्हणून लोक खूश आहेत. पण हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. दिवसभराचा धूर त्याखाली कोंडतो. ही कोंडी सर्वांत घट्ट असते ती पहाटे, म्हणजे नेमकी सहरी करून लोक फजरला चालत निघतात त्या वेळी. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर नमाज पढणारे, दम्याचा पंप खिशात ठेवणारे बुजुर्ग याच हवेतून मशिदीत जाणार आहेत.

सिमल्याचे हवामान खाते १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिची हवा मोजणारी यंत्रे भोसरी, निगडी आणि आळंदीत बसवलेली आहेत. इतकी सोय फार कमी शहरांना आहे. आपल्या प्रत्येक मशिदीत पाच नमाजांच्या वेळा दाखवणारी घड्याळांची पाटी असते. तिच्याखाली एक सहावी चौकट लावायला कितीसा खर्च येईल? रोज फजरनंतर कुणीतरी तरुणाने त्या दिवशीचा हवेचा आकडा खडूने लिहावा. आकडा चढला की खुतब्यात दोन वाक्ये हवेवर यावीत, बुजुर्गांना घरी नमाजाचा सल्ला मिळावा, आणि महिन्याचे आकडे घेऊन मशिदीच्या ट्रस्टने, शेजारच्या मंदिराच्या आणि सोसायटीच्या मंडळींना बरोबर घेऊन, महापालिकेच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दारात जावे. धूळ कुणाचा धर्म विचारून घरात येत नाही, त्यामुळे सोबत मिळायला हरकत नसावी. आणि इफ्तारनंतर कोपऱ्यावर साचणाऱ्या थर्माकोलच्या वाट्या रात्री पेटवून देण्याची जी पद्धत काही गल्ल्यांत पडली आहे, ती याच आठवड्यात थांबवता येईल. त्यासाठी निवेदन लागत नाही.

आज संध्याकाळी मात्र एक करून पाहा. खजूर तोंडात टाकलात, पाणी प्यालात, की मगरिबला उभे राहण्याआधी गच्चीवर किंवा गल्लीच्या तोंडाशी जाऊन पश्चिमेकडे पाठ करा आणि पूर्वेला पाहा. करड्या-निळ्या पट्टीवर गुलाबी कड दिसते का? दहा मिनिटांत ती वर चढून विरते. दिसली तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा, नाही दिसली तरी करा. तिसावा रोजा होईल तेव्हा ते पान मुलांना दाखवता येईल, आणि नगरसेवकालाही.